सुमे, तुझं ते मेसमधलं भांडण परत आलंय

प्रिय सुमे,

किती महिने झाले लिहून, वाढदिवसालाही नुसता केकचा ईमोजी टाकला मी, शिव्या घाल पण आधी वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, नानी बऱ्या आहेत. झालं.

तर परवा एस.वाय.च्या पोरांना शेलीची 'ओझिमँडियस' कविता घेतली. हो, मेसमध्ये जिच्यावरून आपण भांडलो तीच. नेहमीचं सगळं सांगून झालं, वाळवंट, धड नसलेले दोन पाय, वाळूत अर्धं गाडलेलं तोंड, खाली 'माझी कामं बघा आणि हाय खा' असा मजकूर आणि भोवती मैलोन् मैल काही नाही. काळापुढे राजाची सत्ताही टिकत नाही असं फळ्यावर लिहायला वळले, तेवढ्यात मागून एक पोरगी विचारते, मॅडम हा खरा राजा होता का? होता म्हटलं, इजिप्तचा दुसरा रामसेस, ६६ वर्षं राज्य केलं त्याने. मग मेला कसा? म्हातारा होऊन गं, नव्वदीच्या आसपास. "मग मॅडम, त्याचं गेलं काय?"

वर्ग खदाखदा हसला, मीही हसले, बेल झाली. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण हे तुझंच वाक्य आहे! 'दगड ओढणाऱ्याला तीन हजार वर्षांनी न्याय मिळाला, वा वा, पोहे वाढा' असं म्हणाली होतीस आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. (पोहे तरीही तूच संपवलेस, ते मी विसरलेले नाही.)

आणि ६६ वर्षं म्हणजे बघ ना, कितीतरी माणसं त्याच्याच राज्यात जन्मली आणि त्याच्याच राज्यात मेली असतील. त्यांना कुणी सांगायचं की बाबांनो सत्ता क्षणभंगुर असते, जरा धीर धरा?

माझा तेव्हाचा हुकमाचा पत्ता तो शिल्पकार होता, आठवतंय? राजाच्या ओठांवरचा तुच्छ भाव त्याने बरोबर ओळखला, दगडात कोरला आणि राजाने तो बहुतेक रुबाबदार म्हणून पासही केला. म्हणजे खरं काय ते राजा जिवंत असतानाच कुणीतरी त्याच्या नाकासमोर बोलून गेलं, वाळूची वाट न बघता. मला अजूनही कवितेतली सगळ्यात भारी जागा तीच वाटते. पण परवा रात्री ब्रिटिश म्युझियममधल्या रामसेसच्या मुंडक्याचे फोटो बघत बसले. सात टनांचा दगड, बेल्झोनी नावाच्या माणसाने १८१६ मध्ये इजिप्तमधल्या थीब्सहून उचलला, लंडनला पोचला १८१८ मध्ये, म्हणजे शेलीची कविता छापून झाल्यावर. आणि त्या तोंडावर तुच्छ भाव वगैरे काही नाही गं! छान मंद हसतोय, चक्क गोड. खऱ्या शिल्पकाराने मुकाट साहेबांना खूश केलेलं दिसतंय. वाकडा ओठ शेलीने पदरचा घातला.

इथे मी जरा खचले, खोटं कशाला बोलू. मग आठवलं की कविता छापली कुठे, तर ११ जानेवारी १८१८ च्या 'एक्झॅमिनर' या लंडनच्या साप्ताहिकात. त्याचा संपादक ली हंट, ज्याने राजाच्या जागी कारभार बघणाऱ्या राजपुत्र रीजंटला पन्नाशीचा जाड्या म्हटलं आणि त्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात काढली, १८१३ ते १८१५. आणि कवितेखाली शेलीचं नावही नाही, 'ग्लिरास्टीस' असं टोपणनाव आहे. म्हणजे या लोकांसाठी राजा ही काय फक्त वाळवंटातली गोष्ट नव्हती, तो पलीकडच्या रस्त्यावर राहत होता आणि आत टाकू शकत होता. शेलीचा मित्र होरेस स्मिथ, दोघांनी पैज लावून याच विषयावर लिहिलं होतं, त्याने तर आपल्या कवितेत सरळ लंडनच ओसाड करून टाकलंय, शिकारी लांडग्यामागे फिरतोय तिथे. कविता म्हणून शेलीपुढे काहीच नाही, पण हिंमत बघ.

आणि हे तुला म्हणूनच सांगते, वर्गात बोलले तर विषयांतर होईल. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १७ नोव्हेंबर १८१७ ला. शेलीने हे लिहिलं त्याच वर्षी डिसेंबरअखेर. तो तिकडे इंग्लंडात मार्लोमध्ये बसून राजांची वाळू करत होता आणि त्याच वेळी त्याच्याच देशाची कंपनी इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या मागे लागली होती! त्यात बाजीरावही त्या पोरीच्याच बाजूने निघतो बघ, सत्ता गेली पण वर्षाला आठ लाख पेन्शन आणि बिठूरला १८५१ पर्यंत मुक्काम. आपल्याला पीएफचा एक कागद हलवायला किती चपला झिजवाव्या लागतात.

तर मला छळतंय ते हे की आपण वर्षानुवर्षं ही कविता झोपेची गोळी म्हणून तर वाटत नाही ना? मोठे आपोआप पडतात, तुम्ही नोट्स उतरवा. शेलीला असं म्हणायचं नसणार, हंटच्या पेपरात लिहिणारा माणूस वाळूच्या भरवशावर बसत नाही. पण कविता तर वाळूवरच संपते ना गं, तिथे ना शिल्पकार उरतो ना हंट. म्हणजे तू अर्धी बरोबर होतीस. अर्धीच हं, नाचू नकोस.

तुझं काय? पिंकीचा व्हिसा झाला का? दादा अजून घराच्या कागदांवर सही करत नाही ना, त्याला माझं नाव सांग, घाबरायचा तो मला. दिवाळीला ये, आली नाहीस तर बघ.

आणि सोमवारी त्या पोरीला काय सांगू ते कळव. फोन केलास तर नऊनंतर कर, आधी नानींची सिरीयल असते आणि टीव्हीचा आवाज कमी करायची या घरात कुणाची टाप नाही.

तुझी,
विमी