भरती-ओहोटीच्या वेळा कोल्हापूरच्या अंकातही छापाव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आम्ही कोल्हापूरकर सकाळच्या चहाआधी पाहतो आणि ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका हे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. पण हेच आम्ही शनिवारी आंबा घाट उतरून समुद्रावर जातो, तेव्हा तिथले पाणी कधी चढणार नि कधी उतरणार याची साधी चौकशीही करत नाही. गेल्या महिन्यात मीही असाच सहकुटुंब रत्नागिरीला गेलो.

नातवंडांना खडकांतले समुद्रजीव दाखवावेत, एवढाच बेत होता. दुपारी तीनला गणपतीपुळ्याच्या वाटेवरील एका खडकाळ किनाऱ्यावर पोहोचलो, तर भरती पूर्ण भरलेली, खडक पाण्याखाली आणि मुले भेळेच्या गाडीकडे. तिथे कालवे विकायला बसलेल्या मावशींनी हिशोब सांगितला : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. त्या दिवशी चतुर्थी होती; चार पाऊण तीन. लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, साठीनंतर अशी कामी आली.

पंचमीला पावणेदहाच्या सुमारास तोच किनारा ओळखू येईना. परातीएवढ्या एका डबक्यात समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्रजीव, उमललेले होते. नातवाची सावली पडून पाणी हलताच ते मिटून गेले. शेजारचा शंख चालू लागला, तेव्हा आत खेकडा राहतो हे मुलांना कळले. माझ्या पत्नीला मात्र ते उशिरा कळले, कारण रिकामा समजून तिने पिशवीत टाकलेल्या एका शंखातून परतीच्या वाटेवर, साखरप्याजवळ, पाय बाहेर आले. माघारी जाणे शक्य नव्हते आणि कोल्हापूर येईपर्यंत तो जीव निपचित पडला. त्याचा दोष आमचाच.

मावशींचा हिशोब अंदाजाचा आहे, शिवाय आता तिथी किती घरांत माहीत असते हा प्रश्नच आहे. म्हणून विनंती अशी, की आपल्या कोल्हापूर आवृत्तीत निदान शनिवारी आणि रविवारी, सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीतच, रत्नागिरी व मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप आत हटते आणि तितकेच वर चढतेही, अष्टमीच्या आसपास मात्र भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, असल्याने खडक फारसे उघडे पडत नाहीत, एवढी एक ओळ सोबत दिल्यास लोक जाण्याचा दिवसही नीट ठरवतील. खडकांवर रमलेल्यांना पाणी वळण्यापूर्वी मागे फिरायचे भानही त्याने राहील. जागा चार ओळींचीच लागेल.

आपला,
एक जुना वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर