चष्म्याचं घर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटल्यावर मी बराच वेळ फलाटावरच होतो. तेरा दिवस तू सगळं निभावलंस. गुरुजी, दाखले, आल्यागेल्यांचा चहा, नंदामावशीचे रुसवे. सगळे म्हणाले, पोरगा किती धीराचा! ऐकून छाती भरून आली आणि त्याच रात्री माझी झोप उडाली. तू एकदाही रडला नाहीस.

हे लिहिणार नव्हतो. पण काल फोनवर म्हणालास, "बाबा, मी शांत आहे. स्थितप्रज्ञाचे श्लोक तुम्हीच पाठ करून घेतलेत ना?" घेतले खरे. घोकून घेतले, सांगितले मात्र नाहीत. त्यात समुद्राचा श्लोक आहे बघ, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तरावा. चहूकडून पाणी येत राहतं, तरी तो जागचा हलत नाही. पाणी येतं, निनाद. त्याने नद्यांना दार लावलेलं नाही. त्याआधी एकोणसाठाव्यात म्हटलंय, उपाशी राहिलं की इंद्रियांचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही. आणि अर्जुनाच्या हातून गांडीव गळालं, तोंडाला कोरड पडली, त्या अध्यायाचं नाव विषादयोग. त्यालाही योगच म्हटलंय.

झालं, मास्तर सुरू झाला. तुझी आई असती तर "पुरे हं" म्हणाली असती. माफ कर.

एवढंच आणखी. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव मोजलेत. घाम, अंगावरचा काटा, आवाज बसणं, आणि त्यातच अश्रू. मन दुसरीकडे असेल तर नटालाही ते आणता येत नाहीत, असं ते सांगतात. शांत हाही एक रस मानावा, यासाठी मात्र पुढे त्यांचे टीकाकार अभिनवगुप्त यांना केवढा वाद घालावा लागला! तू रडलास का रे, तिकडे गेल्यावर तरी? पुन्हा तेच विचारतोय.

तुझे आजोबा गेले तेव्हा मीही असाच कोरडा होतो. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी सायकलचं कुलूप उघडेना, तर तिथेच फरशीवर बसून हमसाहमशी रडलो. तुझी आई भांडी टाकून आली आणि शेजारी बसली. बोलली काहीच नाही. तिच्या ओल्या हाताला राख लागलेली, ती माझ्या सदऱ्याला लागली. तू तेव्हा बालवाडीत होतास.

तुझ्याजवळ तिकडे कोण आहे?

दहाव्याच्या आदल्या रात्री तू तिचा चष्मा पुसत होतास, ते मी दारातून पाहिलं होतं. दोरा बांधलेली काडी किती जपून मिटलीस! आत यावंसं वाटलं, आलो नाही. ते माझंच चुकलं.

आज कपाट आवरलं. चष्म्याचं घर सापडलं नाही. तू नेलं असशील तर राहू दे तुझ्याकडेच, फक्त नेलंय एवढं कळव. मी उगाच सगळे खण उपसत बसलोय.

तुझा,
बाबा