१९७७ सालची म्हणून विकलेली बेस गिटार आणि कोकणच्या हवेवर ढकललेला दोष

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
जुनी वाद्ये विक्री विभाग,
मुंबई कार्यालय.

विषय : वर्णनाशी न जुळणारी जॅझ बेस परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी 'फेंडर जॅझ बेस, १९७७, नॅचरल फिनिश, सर्व भाग मूळचे' अशा वर्णनाची बेस गिटार ३,४०,००० रुपयांना विकत घेतली (फेंडर ही अमेरिकन कंपनी, जॅझ बेस हे तिचं मॉडेल). माझ्या हाती आलेलं वाद्य त्या वर्णनातलं नाही. तशी लेखी तक्रार केल्यावर आपल्या कार्यालयाने कळवलं की, किनारपट्टीच्या दमट हवेमुळे लाकडी वाद्यात बदल होतात आणि त्याला कंपनी जबाबदार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो आहे. हे पत्र वाद्यातलं कळणाऱ्या माणसाने वाचावं, एवढी विनंती.

माझ्या पहिल्या तक्रारीत नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, वाकल्याचा उल्लेखच नव्हता. तारा गंजल्याचा नव्हता, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वर आल्याचा नव्हता. दमट हवेने जे जे होतं, त्यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं ते नेकच्या बुडाला, जिथे ती बॉडीला जोडतात तिथे, पाडलेल्या भोकांबद्दल, आतल्या पॉटवरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागावरच्या) आकड्यांबद्दल आणि बॉडीच्या लाकडाबद्दल. आपण मी न केलेल्या तक्रारीचं उत्तर दिलंत आणि केलेल्या तक्रारीला हात लावला नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी मी आपल्या प्रतिनिधीकडे दोन गोष्टींचे फोटो मागितले होते : मागची नेक प्लेट (नेक बॉडीला जोडणाऱ्या बोल्टखालची धातूची पट्टी), आणि कंट्रोल प्लेट (बटणं बसवलेली पट्टी) उघडून आतल्या पॉटची पाठ. दोन्ही फोटो मला मिळाले, ते माझ्याकडे तारखेसह आहेत. पहिल्या फोटोत तीन बोल्टची प्लेट आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जॅझ बेसची नेक तीन बोल्टवर बसवली जाई, नेकचा तिरकेपणा कमी-जास्त करायचा मायक्रो-टिल्टचा स्क्रू तिथेच असे आणि ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचं) गोळीच्या आकाराचं नट हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावर, असे. बऱ्याच वादकांना ही तीन बोल्टची रचना आवडत नाही, ती चार बोल्टइतकी घट्ट बसत नाही असं ते म्हणतात. मला त्याची अडचण नव्हती. १९७७ ची बेस म्हणजे तीन बोल्ट, हे ठाऊक असूनच मी ती घेत होतो.

दुसऱ्या फोटोत पॉटच्या पाठीवर १३७७६४२ हा आकडा स्पष्ट वाचता येतो. अमेरिकन पॉटवरचे पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे असतात, आणि १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९७६ च्या बेचाळिसाव्या आठवड्यातला. १९७७ मध्ये जोडलेल्या बेसमध्ये तो असणं अगदी रास्त आहे. हे सगळं जुळलं म्हणून मी पैसे पाठवले.

खोका कुडाळच्या कुरिअर कार्यालयात आला. आमच्या गावापर्यंत एवढा मोठा माल पोचवत नाहीत, म्हणून मी तिकडे जाऊन घेतला आणि तिथल्या कर्मचाऱ्यासमोर सील तोडून व्हिडिओ काढला. पॅकिंग उत्तम होतं, ते मी नाकारत नाही. केसमधून बाहेर काढून बेस उलटी केली तेव्हा पाठीवर चार बोल्टची प्लेट होती. व्हिडिओत ती दिसते आहे. कोकणची हवा त्या वाद्याला तोवर लागलेलीही नव्हती.

घरी आणून ती रात्रभर बंद केसमध्येच ठेवली, हवेशी जुळवून घ्यायला लाकडाला वेळ द्यावा लागतो म्हणून. मग तारा सैल करून नेक उतरवली. बुडाला तीन जुनी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवलेली आहेत आणि त्यांच्या बाजूला चार नवी पाडलेली आहेत. मायक्रो-टिल्टची धातूची गोल चकती नेकच्या बुडात अजून बसलेली आहे, पण बॉडीमध्ये तिच्यासमोर येणारा स्क्रू नाही, आणि तो कधी होता अशी खूणही नाही. म्हणजे नेक एका बेसची, बॉडी दुसरीची. नेक कदाचित खरोखर सत्तरच्या दशकातली असेल, मला तसं वाटतंही. पण मग ती एका चांगल्या जुन्या बेसवरून काढून, चार भोकं पाडून, कुठल्यातरी परक्या बॉडीवर चढवली आहे, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं.

माझं एकट्याचं मत नको म्हणून मी नेक सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यांना बेस गिटार काय असते ते माहीत नव्हतं. पण लाकूड त्यांना माहीत आहे. भोकात बोट फिरवून ते म्हणाले, "ह्यां भोक नवां आसा. कडा बघ, अजून धार आसा तेका." बुजवलेल्या खुंटीचं लाकूडही मेपल नाही, दुसरं काहीतरी मऊ आहे, हे त्यांनी नखाने दाबून दाखवलं.

कंट्रोल प्लेटखालचे पॉट १३७९०१२ या आकड्याचे निघाले. म्हणजे १९९० चे. जुन्या वाद्यात पॉट बदललेले असणं हा गुन्हा नाही. पन्नास वर्षांच्या वापरात पॉट झिजतात, खरखरतात, बदलावे लागतात. तसं लिहून विकलं असतंत तर मी किंमत थोडी कमी करून मागितली असती आणि आनंदाने घेतली असती. पण आपण 'सर्व भाग मूळचे' लिहिलंत, आणि फोटो पाठवलात तो वेगळ्याच पॉटचा.

आता बॉडी. नॅचरल फिनिशमध्ये लाकडाच्या रेषा उघड्या दिसतात, आणि दोन फळ्यांच्या रेषा हाताच्या ठशांसारख्या कधीच सारख्या नसतात. आपल्या जाहिरातीतल्या फोटोत ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीच्या) खाली एक गडद, वळण घेतलेली रेषा आहे, ती खालच्या कडेपर्यंत जाते. माझ्याकडच्या बॉडीवर त्या जागी रेषा सरळ आणि फिकट आहेत. शिवाय ब्रिजकडचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग. सत्तरच्या दशकात जॅझ बेसचा हा पिकअप ब्रिजच्या जवळ सरकवला गेला. साठच्या दशकातल्या जागेपासून साधारण एक सेंटिमीटर. जाहिरातीतल्या फोटोत तो जवळ आहे, माझ्याकडच्या बॉडीत तो लांब, साठच्या जागी आहे. पट्टी लावून मोजलं आहे, फोटो सोबत आहे.

हा एक सेंटिमीटर आपल्याला क्षुल्लक वाटू नये. पिकअप ब्रिजच्या जवळ गेला की आवाजातला खर्जाचा गोलवा कमी होतो आणि धार वाढते. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्या माणसाला तीच धार हवी असते. अमेरिकन बेसवादक मार्कस मिलर ज्या बेसने ओळखले जातात ती १९७७ चीच जॅझ बेस आहे, आणि तो आवाज कानात ठेवून माझ्यासारखे कितीतरी जण त्या सालाच्या मागे लागतात. साल ही केवळ मिरवायची गोष्ट नाही. त्या सालातलं लाकूड, पिकअपची जागा, जाड पॉलिस्टरचा थर, या सगळ्यांचा मिळून एक आवाज असतो. मी पैसे त्या आवाजाचे दिले.

दमट हवेबद्दल आपण लिहिलं आहे म्हणून मलाही थोडं लिहिलं पाहिजे. मालवणात मी बेस वाजवत आलो आहे, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, जत्रेत, वेंगुर्ल्याकडच्या चर्चच्या फेस्तात, लग्नांत. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते, आणि लाकडी वाद्याला ४५ ते ५५ टक्के मानवते. हे आम्ही जाणून आहोत. म्हणून माझं वाद्य बंद कपाटात राहतं, कपाटात आर्द्रतामापक आहे, सिलिका जेल आहे, आणि आमच्या घरांत पूर्वीपासून करतात तसा बारीक बल्बही पेटता असतो. वाजवून झालं की प्रत्येक तार पुसायची, नाहीतर खाऱ्या हवेने आणि घामाने ती आठवड्यात खरखरीत होते. मृग लागला की ट्रस रॉड थोडा फिरवायचा, दसऱ्यानंतर परत पहिल्या जागी आणायचा. इथली हवा काय करते ते मला नेमकं माहीत आहे : ती नेक वाकवते, स्क्रू गंजवते, जॅक आणि स्विचमध्ये खरखर आणते. ती जुनी भोकं खुंट्यांनी बुजवत नाही, चार नवी पाडत नाही, पॉटवरचं साल १९७६ चं १९९० करत नाही आणि फळीवरच्या रेषा बदलत नाही. ते माणसाच्या हातून झालेलं आहे आणि खोका इथे पोचण्यापूर्वी झालेलं आहे.

या उत्तराने मला पैशांहून जास्त दुखावलं. बांद्यापासून रत्नागिरीपर्यंत जुनी अमेरिकन बेस हातात घेऊन, वाजवून, मग विकत घेता येईल असं दुकान माझ्या माहितीत नाही. मुंबई किंवा गोवा गाठावा लागतो, आणि तिथेही अशी वाद्यं क्वचित येतात. बोटीवर काम करणाऱ्या कुणी आणलेली एखादी गिटार, बंद पडलेल्या एखाद्या बँडचा ॲम्प, असं शोधत शोधतच इथले वादक वाद्यं जमवत आले. आता आम्ही फोटो बघून घेतो. विक्रेत्याने पाठवलेला फोटो त्याच वाद्याचा आहे, एवढ्या एका विश्वासावर हा सगळा व्यवहार उभा आहे. किनाऱ्यावरच्या ग्राहकाची प्रत्येक तक्रार 'दमट हवा' म्हणून फेटाळायची पद्धत आपल्याकडे असेल, तर वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाच आपल्याकडून दाद मिळणार नाही.

आपल्या उत्तरात 'जुन्या वाद्यांची विक्री अंतिम असते' असंही वाक्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या पहिल्या तक्रारीची पोच मला दुसरा ईमेल पाठवल्यावर मिळाली.

माझ्या मागण्या अशा. वाद्याची पूर्ण किंमत आणि मी भरलेला वाहतूक व विम्याचा खर्च परत मिळावा. वाद्य आपण आपल्या खर्चाने, आपला माणूस किंवा कुरिअर पाठवून कुडाळहून न्यावं. मी ते जसं आलं तसं जोडून, तारा सैल करून, मूळ केसमध्ये ठेवलं आहे. आपण कळवलं होतं की परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाने करावा. चूक वर्णनाची आहे, म्हणून तो मी करणार नाही. जाहिरातीतले आणि मला पाठवलेले फोटो ज्या बेसचे आहेत ती बेस कुठे आहे, हे मला लेखी कळवावं. ती आपल्याकडे असेल आणि पाठवताना अदलाबदल झाली असेल, तर तीच बेस, प्रत्यक्ष पाहून आणि वाजवून, ठरलेल्या किमतीला घ्यायला मी आजही तयार आहे. त्यासाठी मी स्वतः मुंबईला येईन.

आणखी एक. मी परत केलेलं वाद्य पुन्हा '१९७७, सर्व भाग मूळचे' म्हणून विक्रीला लावू नका. नेक सत्तरच्या दशकातली, बॉडी दुसऱ्या बेसची, पॉट १९९० चे, बोल्टची भोकं नव्याने पाडलेली, असं खरं खरं लिहून विका. वाजवायला ती वाईट नाही. योग्य किमतीला एखाद्या तरुण वादकाला ती वर्षानुवर्षं साथ देईल. पण त्याला आपण काय घेतो आहोत ते कळायला हवं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपल्याकडून ठोस उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करायची सोय कायद्यात आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही, त्यामुळे मुंबईचे हेलपाटे मला घालावे लागणार नाहीत. खोका उघडतानाचा व्हिडिओ, आपण पाठवलेले दोन्ही फोटो, नेकच्या बुडाचे आणि पॉटचे मी काढलेले फोटो, जाहिरातीची छापील प्रत आणि पावती या पत्रासोबत जोडली आहे.

वाद्य नेण्यासाठी येण्यापूर्वी एक दिवस आधी दूरध्वनी करावा. पावसामुळे करूळ घाटाकडून येणाऱ्या गाड्यांना उशीर होतो, म्हणून सकाळची वेळ धरू नये.

आपला,
एक ग्राहक, मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव, पत्ता व दूरध्वनी ऑर्डरवर नोंदवल्याप्रमाणे)