भुतं इंग्रजी असली की चालतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या बालपुरवणीत तुम्ही हॅलोविननिमित्त मुलांसाठी भुताखेतांच्या पुस्तकांची यादी छापलीत. मी ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं, मराठी पुस्तकं मागच्या पानावर दिली असतील. मागच्या पानावर कोचिंग क्लासची जाहिरात होती. यादीत मराठी पुस्तक औषधालाही नाही. वर शेवटी एक वाक्य, की मराठीत मुलांसाठी असं लेखन फारसं झालेलंच नाही. हे लिहिणाऱ्याला लहानपणी कोणी अंगणात बसवून मुंजाची गोष्ट सांगितलेली दिसत नाही. बिचाऱ्याचं वाईट वाटलं.

यादीतल्या पुस्तकांशी माझं वैर नाही. शाळेच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. आर. एल. स्टाईन यांची 'गूजबंप्स' ही मुलांच्या भयकथांची मालिका १९९२ साली तिकडे सुरू झाली. आमच्या कपाटात ती आली तेव्हा पोट्टे मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून टेबलाशी येऊन उभे राहायचे. प्रकरण संपता संपता दार करकरतं, कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं, आणि पान उलटलं की तो धाकटा भाऊ निघतो. युक्ती तीच ती. पण धड्याबाहेर एक ओळ न वाचणारा मुलगा त्या करकरणाऱ्या दारापायी अख्खं पुस्तक संपवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा स्टाईनसाहेबांना माझा नमस्कार.

पण मग वेताळाने तुमचं काय घोडं मारलं? सोमदेवाने अकराव्या शतकात त्याच्या गोष्टी 'कथासरित्सागरा'त घेतल्या. 'चांदोबा' मराठीत १९५२ साली आला आणि पुढे कितीतरी वर्षं त्यातला विक्रम प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून चालत राहिला. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, हे चित्रकार शंकर यांचं चित्र ज्याने पाहिलं तो ते विसरणार नाही. शिवाय वेताळाची ती धमकी. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. उत्तर दिलं तर तो पुन्हा झाडावर. भीती वाटते आणि डोकंही चालवावं लागतं. असं दुसरं कोणतं भूत मुलांना प्रश्न विचारतं, सांगा बरं.

रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ पासून वैभव मांगले यांनी रंगमंचावर आणली. लहान मुलांना भीतीबरोबर हसूही लागतं, हे मतकरींना पक्कं कळलं होतं. त्यांच्या गूढकथा मोठ्यांच्या, त्या चौथीतल्या पोराच्या हातात देऊ नका. भयकथाकार नारायण धारपांचंही तेच. नववीनंतर द्या, आणि त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांपासून सुरुवात करा, कारण तिथे वाईटाशी झुंजणारा माणूस असतो. मधल्या वयासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ही माहिती तुमच्या बालपुरवणीने द्यायची की माझ्यासारख्या निवृत्त बाईने पत्र लिहून?

आता मला खरं काय बोचलं ते सांगते. गेल्या वर्षी माझ्या नातवाने 'चांदोबा'चा एक बांधीव खंड शाळेत नेला. शाळा नागपुरातलीच, नामांकित, नाव लिहीत नाही. वडिलांनी वर्षभराचे अंक जपून महाल भागातल्या बाइंडरकडून शिवून घेतले होते. वरचं खाकी कापड आता विटलंय, कण्यावर वडिलांच्या अक्षरातलं साल अजून वाचता येतं. ऑफ पिरियडला चार मुलं त्या खंडावर डोकी लावून बसली. मॅडम आल्या, खंड घेतला आणि नातवाच्या डायरीत शेरा लिहिला: अंधश्रद्धा पसरवणारं साहित्य मुलाबरोबर पाठवू नये. खाली माझ्या मुलाची सही मागितली होती. त्याने मुकाट्याने केली. त्याच्याशी मी नंतर बोलले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले. बराच वेळ ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. समोरच्या भिंतीवर काळ्या घोटीव कागदाची वटवाघळं चिकटवलेली होती, कापसाची जाळी ओढून तिच्यात प्लॅस्टिकचे कोळी अडकवले होते, आणि फलकावर सूचना: दिवाळीच्या सुट्ट्यांआधी हॅलोविन डे, मुलांनी भूत, चेटकीण किंवा व्हॅम्पायरच्या वेशात यावे. खाली वर्गणीचा आकडा. शिपाई स्टुलावर चढून नारिंगी भोपळा टांगत होता, तोही थर्माकोलचा. आपल्याकडे डांगर काय कमी पिकतं?

मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं, इकडे व्हॅम्पायरला आमंत्रण आणि वेताळाला शेरा, हे कसं? त्या हसून म्हणाल्या, 'अहो आजी, ते फन आहे. हे मुलं खरं मानतात.' मी म्हटलं, नातवाला तर दोन्ही खोटं आहे हे ठाऊक आहे, तुमच्या मॅडमना कोणी सांगायचं? त्यावर त्यांना फोन आला.

खंड मात्र मिळाला नाही. मॅडम रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. मग सुट्ट्या लागल्या. मग मॅडम बदलल्या. 'बघतो, सापडला की कळवतो', हे मी इतक्यांदा ऐकलं की आता ऑफिसातला मुलगा माझा आवाज ओळखतो. ग्रंथपाल म्हणून सांगते, जप्त केलेल्या पुस्तकाचीही नोंद करायची असते. कोणाकडून घेतलं, कधी घेतलं, कुठे ठेवलं. साधी वही लागते.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर मला कोणी शिकवू नये. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला त्याचं मी मनापासून स्वागत केलं. पण तो कायदा भोंदूबाबांसाठी आहे, पाचवीतल्या पोराच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी नव्हे. आणि पालक-शिक्षकांची ही भीती फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत ॲल्विन श्वार्ट्झ यांनी १९८१ मध्ये मुलांसाठी अंधारात सांगायच्या भयकथांचा संग्रह काढला, आणि नव्वदच्या दशकात तिथल्या ग्रंथालयांत सर्वांत जास्त तक्रारी त्याच मालिकेवर आल्या. तिथल्या ग्रंथालय संघटनेने निदान त्याची यादी ठेवली. इथे माझा खंड गडप.

तुमच्या लेखात आणखी एक गंमत. 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणजे मुलं दारोदार जाऊन खाऊ मागतात, हे तुम्ही नवल म्हणून समजावून सांगितलंत. नागपूरच्या वर्तमानपत्रात! तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरलेली मुलं तुमच्या कचेरीत एकही नाहीत का? त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे भल्याथोरल्या भेसूर पुतळ्यांची मिरवणूक निघते; त्यातली काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. इतवारीच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून ते अवाढव्य तोंड अंगावर येताना ज्याने पाहिलं, त्याला थर्माकोलचा भोपळा काय घाबरवणार? 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडताना मूल भितंही आणि भीतीला गावाबाहेर हाकलूनही देतं. दरवर्षी तुम्ही पान भरून फोटो छापता. पण मारबतीवर मुलांसाठी एखादी झक्क भीतिदायक गोष्ट कोणाकडून लिहून घ्यावी, हे काहून सुचत नाही? मारबतीमागे पूतना मावशी आहे, नागपूरच्या भोसले घराण्यातली बाकाबाई आहे, मसाला तयार आहे. धंतोलीतली माझी बंगाली मैत्रीण दिवाळीतल्या भूत चतुर्दशीला चौदा दिवे लावते आणि नातवंडांना भुतांच्या गोष्टी सांगते. तिच्या घरी कोणी डायरीत शेरा लिहीत नाही.

तेव्हा येत्या शनिवारी दुसरी यादी छापा, मराठीची. नावं हवी असतील तर मी देते, मानधन नको. आणि हे पत्र काटछाट करून छापणार असाल तर शाळेचा परिच्छेद ठेवा, बाकी काय कापायचं ते कापा. त्या ऑफिसात तुमचाच पेपर येतो, बाकावर बसून मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला आहे.

कळावे,
एक निवृत्त ग्रंथपाल, त्रिमूर्तीनगर, नागपूर

ता. क. : बालपुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं 'पुढील अंकी' असं लिहिता आणि पुढील अंकी तिथेही जाहिरात असते. नातू दर शनिवारी मला उत्तरं विचारतो. मागच्या कोड्यातला उभा सातवा शब्द आडव्या शब्दाशी जुळतच नाही, तोही एकदा तपासून घ्या.