बबलू सध्या नागपूरलाच राहील

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोनवर तुमचा आवाज चढला की माझी वाचा बसते, म्हणून लिहितेय. बबलू इतक्यात आर्वीला येणार नाही. यांनाही विचारलं, ते हो म्हणाले. वरची खोली रिकामीच होती. कूलर लावलाय, वाळ्याच्या ताट्या नवीन घातल्या. सकाळी तर्री-पोहे खातो, रात्री झोपतो. आई, खरंच झोपतो, मी दार लोटून बघते.

तुम्ही म्हणता, आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, पोट्ट्याला इकडे आण. बाबा, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून बंदी आहे, पण मिळते कुठं ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मागे महिनोन् महिने तो प्यायला नव्हताच की! पण चिडणं तेच, खोटं बोलणं तेच, दोष सगळा दुसऱ्याचा. बाटली सुटली होती, माणूस तोच होता.

आता तो संध्याकाळी एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' गटाच्या, मीटिंगला जातो. 'भजनी लागला' म्हणून हसू नका. १९३५ साली अमेरिकेत एक दारुडा शेअरदलाल आणि एक दारुडा डॉक्टर एकमेकांना सावरायला बसले, तिथून हे सुरू झालं. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा. त्याहून अवघड म्हणजे आपण कुणाकुणाला दुखावलं त्याची यादी करायची आणि शक्य तिथं भरपाई करायची. परवा बबलू कॉटन मार्केटच्या एका व्यापाऱ्याचे उसने पैसे स्वतः देऊन आला. आपल्याला त्या पैशांची खबरही नव्हती. मला अध्यात्म यातलं एवढंच कळतं.

प्रार्थना तर तुमच्या गुरुदेव सेवा मंडळातही होते. पण तिथं तो मास्तरांचा मुलगा. इथं सगळे एकेकाळचे पिणारेच, त्यांच्यापुढं थाप चालत नाही. नवीन कुणी थरथरत आला की हाच त्याच्याजवळ बसतो. आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत हं, प्रार्थना आहे म्हणून त्या बंद केल्या नाहीत.

आई, तू त्याच्यासाठी धरलेले गुरुवार आता सोड. तुझी साखर किती वाढलीय! मला ताप आला की उशाशी बसून तू रामरक्षा म्हणायचीस, ती म्हण. पोटात काही नसताना नको. महाराज रागावणार नाहीत, मी बोलेन त्यांच्याशी. आणि बाबांचं मोतीबिंदूचं पुढच्या महिन्यात करून टाकायचं, 'दिसतंय मला' हे ऐकणार नाही.

दोघांनाही सांगते, त्याला फोनवर 'प्यायला तर नाहीस ना?' असं विचारायचं नाही. काय जेवलास, एवढंच विचारा. घसरला तर मीच कळवीन, लपवणार नाही. तुमच्यापासून त्याला तोडतेय असं मनातही आणू नका.

दिवाळीला सगळे येतो. लग्नाचा विषय तेव्हाही काढायचा नाही. आत्याला आधीच सांगून ठेवा.

तुमची,
मिनू