वही पोरीच्या हातात दे

लीड्स, इंग्लंड

चि. धाकटीस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. हे पत्र सूनबाईला मोठ्यानं वाचून दाखव आणि मग देव्हाऱ्याजवळ नाही, गॅसच्या ओट्याजवळ ठेव. तिथंच त्याचं काम पडणार आहे.

फोनवर सूनबाईनं तुझ्या नातीबद्दल जे सांगितलं, सकाळी डोळे उघडेनात इतकी सूज, लघवीला फेस, रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी आणि कोलेस्टेरॉल जास्त, ते सगळं या दुखण्यातलंच आहे. नेफ्रोटिक सिंड्रोम हे नाव ऐकूनच धडकी भरते, पण गोष्ट समजायला अवघड नाही. पिठाची चाळणी सैल झाली की कोंडाही खाली पडतो ना, तसं किडनीच्या चाळणीतून प्रथिनं लघवीत गळायला लागतात. रक्तात पाणी धरून ठेवायचं काम तीच प्रथिनं करतात. ती गळाली की पाणी अंगात उतरतं, सकाळी डोळ्यांवर, संध्याकाळपर्यंत पायांवर. गल्लीतल्या बायका ‘किडनी गेली’ म्हणतील. म्हणू देत. लहान वयातल्या दहातल्या आठ-नऊ लेकरांना प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळीनं गुण येतो, आणि गोळीला दाद देणाऱ्यांची किडनी सहसा शाबूत राहते. दुखणं मात्र पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं, बहुतेकांना काही वर्षं. म्हणून वही.

शंभर पानी, आडव्या रेघांची घे. रकाने पाच: तारीख, वजन, लघवी, गोळी, शेरा. सकाळची पहिली लघवी धुतलेल्या, कोरड्या वाटीत धरायची. वाटीला साबण राहिला तर तपासणी चुकते. दुपारची धरू नका. पाणी पिऊन ती पातळ झालेली असते आणि खोटा दिलासा देते.

लघवीतली प्रथिनं रंगानं दाखवणाऱ्या पट्टीनं बघणार असाल तर पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेला निथळायची आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. पिवळा म्हणजे काही नाही, जितका हिरवा तितकं जास्त. डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर हे हमखास होतं. मुदतही बघत जा.

पट्ट्या महाग वाटल्या किंवा संपल्या तर जुनी पद्धत आहे, तीही भरवशाची. काचेची टेस्ट ट्यूब दोन तृतीयांश लघवीनं भरायची, कागदाची जाड घडी करून तिनं तिरकी धरायची, तोंड कुणाच्याही अंगाकडे नको, आणि बारीक आचेवर फक्त वरचा भाग तापवायचा. खालचा भाग थंड राहिला पाहिजे, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. वर गढूळ झालं तर व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाका. गढूळपणा विरघळला तर तो क्षारांचा, सोडून द्या. राहिला तर प्रथिनं. आता नळीमागं वर्तमानपत्र धरा. जेमतेम धूसर असेल तर ‘ट्रेस’. धूसर आहे पण बारीक अक्षर वाचता येतं, तर एक अधिक (१+). फक्त ठळक मथळा कळतो, तर दोन. कण दिसतात आणि मागचं काहीच दिसत नाही, तर तीन. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, तर चार.

एका दिवसाच्या तीनवर रडारड नको. तापात एखादा दिवस प्रथिनं येऊनही जातात. सलग तीन दिवस तीन किंवा चार अधिक आलं तर ते दुखणं उलटलं समजायचं आणि वही घेऊन डॉक्टरकडे जायचं. सलग तीन दिवस काही नाही किंवा नुसतं ट्रेस, म्हणजे लेकरू सावरलं.

गोळीचा हिशोब डॉक्टरांनी दिलाच असेल, तरी त्यामागचं कळलेलं बरं. आपल्याकडं पहिल्या खेपेला किलोमागं २ मिलिग्रॅम रोज, सहा आठवडे. मग किलोमागं दीड, दिवसाआड, आणखी सहा आठवडे. १५ किलोच्या लेकराला म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम. वजन सुजेचं धरायचं नसतं, सूज नसतानाचं धरतात. दिवसाआडच्या ४२ दिवसांत २१ वेळा गोळी येते. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या २१ तारखांना आजच गोल करून ठेवा, कारण ‘काल दिली का आज?’ हा घोळ तिसऱ्या आठवड्यात होतोच होतो. इकडं बऱ्याच ठिकाणी चार-चार आठवड्यांचा कोर्स देतात, पण ते वाचून तिकडं कमी करू नका. गोळी सकाळी, काहीतरी खाल्ल्यावर. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर डॉक्टरांना फोन लावून पुन्हा द्यायची का विचारायचं. दिवसभर उलट्या थांबेनात तर सरळ दवाखाना गाठायचा.

आणि सूज उतरली म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. यातच घरंच्या घरं फसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी फेस कमी होतो, दहाव्या-बाराव्या दिवशी लेकरू खेळायला लागतं, आणि आजी म्हणते, आता कशाला तिला विष चारता. बाहेरून इतके दिवस गोळी मिळाली की शरीर आपलं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. अचानक गोळी तोडली तर लेकरू गळून पडतं, साध्या तापातही जिवावर बेतू शकतं. आजी तूच आहेस, म्हणून स्पष्ट लिहिते.

गोळीनं गाल फुगतील, भूक वाढेल, चिडचिड होईल. भुकेची सोय आधी करून ठेवा, नाहीतर कुरकुऱ्यांची पाकिटं घरात येतात. सूज आहे तोवर दिवसाचं मीठ एक-दोन ग्रॅम, म्हणजे पाव चमचा चहाचा. आपली भाकरी मुळातच अळणी, हे आपलं नशीब. वरण शिजलं की मीठ टाकायच्या आधी तिची वाटी बाजूला काढा. येसराच्या आमटीचंही तसंच. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पापड, लोणचं, फरसाण, खारे फुटाणे बंद. बिस्किटात आणि पावातही मीठ असतं, हे लक्षात राहत नाही. सैंधव हेही मीठच. मेडिकलमधलं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. ज्वारीच्या लाह्या, काकडी, बिनमिठाचं ताक, उकडलेलं अंडं चालेल. प्रथिनं गळतात म्हणून डाळी-अंडी कोंबायची गरज नाही, नेहमीइतकीच. पाणी मनानं तोडू नका, लघवीची गोळी मनानं देऊ नका. पाणी जास्त काढलं तर रक्त घट्ट होऊन गुठळी व्हायची भीती असते. कुणी घेटुळीचा काढा सुचवेल, कुणी पुड्या आणून देईल. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नको.

वजन रोज एकाच काट्यावर, अंगणवाडीचा चालेल. वजनही बोलतं: दोन दिवसांत अर्धा-पाऊण किलो वाढलं की समजा पाणी साठतंय. चड्डीच्या नाडीचा वळ संध्याकाळी खोल दिसतो का, तेही बघत जा.

वाट न पाहता दवाखाना कधी गाठायचा, हे दारावर चिकटवा: ताप आणि पोटात जोरात दुखणं, एकच पाय सुजून दुखणं, कातडी लाल-गरम होणं, दम लागणं, लघवी फारच कमी होणं. गल्लीत कुणाला कांजिण्या आल्या तर लेकराला दूर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, अंगावर काही उठायची वाट बघू नका. मोठ्या डोसवर असताना जिवंत लसी चालत नाहीत, त्यात पोलिओचे थेंबही आले. आशाताईला आधीच सांगून ठेवा, लसींचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. दर खेपेला रक्तदाब आणि उंची मोजून घ्या, वर्षातून एकदा डोळे. खर्चाचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता वहीचं. पहिलं वर्षभर सूनबाईनं लिहावं, पण लेकरू पाच-सहा वर्षांचं झालं की नळीमागचं वर्तमानपत्र तिलाच बघू द्या, आणि खूणही तिलाच करू द्या. मोठी माणसं दमतात, लग्नाकार्याला जातात, विसरतात. लेकरू विसरत नाही. शिवाय जी पोरगी स्वतः ‘आज अक्षरं दिसत नाहीत’ म्हणते, तिच्यापासून पापड लपवावा लागत नाही.

माझ्या पोरीचं तर तुला ठाऊकच आहे, तीही अशीच वही लिहीत मोठी झाली. इथं ती पुलांची तपासणी करते, हेल्मेट घालून लोखंडी शिडी चढते, थंडीत, वाऱ्यात. तिच्या टेबलावर भेगांची वही असते. परवा उघडून पाहिली. तारीख, जागा, माप, काय केलं, शेरा. पाचच रकाने, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात नेहमीसारखं ‘कालच्याइतकंच’. इंग्रजीत लिहिलंय, पण मी ओळखलं. तिच्या साहेबानं ती वही नव्या पोरांना दाखवायला ठेवून घेतली होती म्हणे. मी काही बोलले नाही, पोळ्या करायला उठले. दोन जास्तच झाल्या.

तिनं हे पत्र वाचलं आणि एक चूक काढली. म्हणाली, आई, अळणी वरणावर लिंबू पिळलेलं चालतं हे लिहिलंच नाहीस, त्याच्याशिवाय ते घशाखाली उतरत नाही. लिंबू, भाजलेलं जिरं, ठेचलेला लसूण. लोणचं नव्हे, हे ठळक लिही म्हणाली. लिहिलं.

तुझी,
आक्का