सूचना : औदुंबर रात्रफेरी, इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार,

दत्तजयंतीच्या आदल्या रात्री आपण औदुंबरला जात आहोत. ठीक ९ वाजता सांगलीत गणपती मंदिरासमोर जमायचे. निघायला उशीर होणार नाही.

सध्या गळीत हंगाम आहे. भिलवडीच्या बाजूला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन चालतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेली उसाची टोके तेवढी शेवटच्या क्षणी दिसतात. म्हणून वेग ४० च्या आत. ट्रॉलीला पुलावर किंवा वळणावर ओव्हरटेक करायचे नाही.

• बॅटरी पूर्ण चार्ज करून या. थंडीत रेंज कमी पडते, वाटेत चार्जिंगच्या भरवशावर राहू नका.
• आपल्या गाड्यांचा आवाज येत नाही. गावातून जाताना हळू, आणि हॉर्न आधी वाजवा. कुत्र्यांनाही गाडी जवळ आल्यावरच कळते!
• समोरून वाहन आले की दिवा डिपरवर.
• काही गाड्या नुसता थ्रॉटल सोडला तरी जोरात मंदावतात, पण मागचा लाल दिवा लागेलच असे नाही. अंतर ठेवा.
• हेल्मेट दोघांनाही. २५ च्या वेगाच्या गाडीला नोंदणी लागत नाही, म्हणून हेल्मेटही नको, हा वाद यंदा नको.

येणाऱ्यांनी फेरीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नाव टाकावे.